फोन 'हॅक' झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?

काल आई फोन दोन बोटांत धरून आली, मेलेली पाल उचलावी तसा. "हा बघ, थरथरतोय नुसता!" स्क्रीनवर लालभडक पान: चार व्हायरस, फोन २८.१ टक्के खराब, खाली उलटी मोजणी. टॅब बंद केला, संपलं. पण आठवलं, काही वर्षांपूर्वी हेच पान बघून मी फोन बंद करून उशीखाली दडवला होता. तेव्हाही २८.१ च! येऊ द्या तुमचेही किस्से.

---

उशीखाली का पण??

---

मी दाबलं होतं बाई ते 'आत्ताच दुरुस्त करा'. एक क्लीनर अ‍ॅप आलं. तीन दिवस फुकट, मग दर आठवड्याला पैसे. घाईघाईने अ‍ॅप काढून टाकलं, तरी पैसे जातच राहिले. सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं, हे कळेपर्यंत दोन महिने गेले. घरी अजून सांगितलेलं नाही.

---

आमच्या बाबांचं ऐका. शब्दकोडं सोडवताना मध्येच ते पान आलं आणि त्यात लिहिलेलं, 'अश्लील साइट पाहिल्यामुळे' व्हायरस आला. बाबा चार दिवस गप्प. फोन कपाटात, विचारलं की "चार्जिंग नाही". शेवटी मला गच्चीवर नेऊन हळूच म्हणाले, "मी तसलं काही बघितलं नाही रे." एवढं वाईट वाटलं. त्या माणसांना नेमकं ठाऊक असतं, लाजेपोटी कोणी कोणाला विचारणार नाही.

---

अरेरे, बिचारे काका :-(

---

पण त्याला माझ्या फोनचं मॉडेल कसं कळलं? नावानिशी होतं. मी त्यालाच घाबरले.

---

@मॉडेल, ब्राउझरच सांगू शकतो ते साइटला. अँड्रॉइडवर क्रोममध्ये साइट फोन थरथरवूही शकते. व्हायरस शोधणं मात्र वेबपानाला जमतच नाही. ते नुसतं चित्र. बहुतेक वेळा जाहिरातीतून घुसतं, साइटवाल्यालाही पत्ता नसतो.

---

मला तर 'तुम्ही रोबो नाही ना, अलाउ दाबा' म्हणाले. दाबलं. मग रात्रंदिवस नोटिफिकेशन, फोन हॅक झालाय म्हणून. भाच्याने क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली तेव्हा शांतता. (भाचा नववीत आहे. तोंड वाकडं करून करतो, पण करतो.)

---

आयफोनवाल्यांनी हसू नये. माझ्या कॅलेंडरमध्ये रोज सकाळी 'तुमचा फोन असुरक्षित आहे' अशी मीटिंग! एकेक खोडत बसले, दुसऱ्या दिवशी परत हजर. कुठेतरी ओके दाबून अख्खं कॅलेंडरच सबस्क्राइब केलं होतं, ते काढल्यावर गेलं.

---

बॅक केलं की परत तेच पान येतं त्याचं काय करायचं?

---

बॅकच्या नादी लागू नका. टॅबची यादी उघडा, तिथून तो टॅब उडवा. अडलंच तर नेट बंद करून ब्राउझरचा डेटा पुसा.

---

टॅबची यादी म्हणे! माझ्याकडे आकडाच दिसत नाही, नुसता :D असा हसरा चेहरा येतो. हा पण व्हायरस का?

---

नाही हो, शंभरी गाठलीत तुम्ही. ९९ च्या पुढे क्रोम मोजत नाही, हसतो.

---

उशीखाली, कारण रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून. फोनच्या.