मदत हवी आहे : १९८७ सालचा २० इंची रंगीत दूरदर्शन संच, मूळ बोर्डासह पुन्हा सुरू करायचा आहे

सर्वांना नमस्कार.

माझ्या मामांच्या पुण्यातील इमारतीचा पुनर्विकास होणार असल्यामुळे गेल्या महिन्यात आम्ही त्यांचा माळा रिकामा करत होतो, तेव्हा जुन्या चादरीत बांधून ठेवलेला त्यांचा पहिला रंगीत दूरदर्शन संच हाती आला. रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे १९८२ साली सुरू झाले, परंतु मामांच्या घरी रंग यायला १९८७ उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्रिकेटचा विश्वचषक भारतात आणि पाकिस्तानात झाला आणि त्यासाठीच त्यांनी हप्त्यांवर हा संच घेतला. भारत वानखेडेवर इंग्लंडकडून उपांत्य सामना हरला तो याच पडद्यावर, असे ते आजही सांगतात. अँटेना अर्थातच सिंहगडाच्या दिशेने वळवलेली असे.

संच २० इंची आहे, कपाट लाकडी पोताच्या सनमायक्याचे आहे आणि पुढे दोन्ही बाजूंना सरकणारे शटर आहे. कंपनीचे नाव असलेली पुढची पट्टी निघून गेली असून तिथे फक्त दोन भोके उरली आहेत, आणि मागच्या झाकणावरचा मॉडेलचा कागद कसरीने खाल्ला आहे. मामांना कंपनीचे नाव आठवते, पण त्याच नावाखाली त्या काळी वेगवेगळे बोर्ड येत असत, त्यामुळे नावावरून सर्किट मिळेल अशी मला आशा वाटत नाही. म्हणून आत जे दिसले ते लिहितो. मुख्य बोर्डावर ४२ पायांची टीए ७६९८ एपी आणि तिच्याजवळ टीए ७६८० एपी या दोन आयसी आहेत. पॉवर सप्लायच्या हीटसिंकवर एसटीआर या अक्षरांनी सुरू होणारी एक जाड आयसी आहे, मात्र तिचे पुढचे आकडे उष्णतेने पुसले गेले आहेत. चॅनेल निवडण्यासाठी आठ बटणे आहेत, आणि प्रत्येक बटणामागे फिरवायची बारीक चकती व ‘एल’ आणि ‘एच’ अशा दोनच खुणांचा छोटा स्विच आहे. रिमोट नाही. मागे अँटेनाचे भोक आहे. ऑडिओ-व्हिडिओची सॉकेटे नाहीत.

आतली अवस्था अशी आहे. धुळीचा जाड थर होता, झुरळांची विष्ठा होती आणि पालीच्या अंड्यांची टरफले होती. हे सर्व मी रंगकामाच्या मऊ ब्रशने, पिक्चर ट्यूबच्या मानेला धक्का न लावता, जेवढे निघाले तेवढे काढले आहे. ॲनोड कॅपला (ट्यूबच्या पाठीवर उच्च दाबाची वायर जिथे जोडलेली असते त्या रबरी टोपीला) अजून हात लावलेला नाही. स्पीकरकडे जाणारी एक वायर उंदराने कुरतडली आहे. मुख्य फिल्टर कंडेन्सरची टोपी किंचित फुगलेली आहे, आणि एका मोठ्या वॅटच्या रेझिस्टरखाली बोर्ड तपकिरी झाला आहे. ट्यूबला उच्च दाब पुरवणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेष्टनाला डोळ्यांना दिसेल अशी भेग नाही. संच शेवटचा कधी चालला हे नक्की सांगता येत नाही, पण २००४च्या आसपास नवा संच आल्यावर हा माळ्यावर गेला आणि तेव्हा तो चालू होता, असे मामी म्हणतात. म्हणजे किमान वीस वर्षे त्यात वीज खेळलेली नाही. मी अजून प्लग लावलेला नाही, आणि विचारल्याशिवाय लावणारही नाही.

इथे येण्यापूर्वी दोन मेकॅनिकांना दाखवले. पहिल्यांनी कपाट न उघडताच सांगितले की आतले सगळे काढून टाका, मी त्यात एलईडी पॅनेल बसवून देतो. दुसरे अधिक सहृदय होते. त्यांनी ट्यूब ठेवून मूळ बोर्डाच्या जागी चायना किट (बाजारात मिळणारा तयार बोर्ड) बसवण्याचा सल्ला दिला, म्हणजे रिमोटही येईल आणि मागे सॉकेटेही मिळतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, परंतु मला संच वापरायचा कमी आणि जपायचा अधिक आहे. मामांना तो दिवसातून तासभर चालू दिसला तरी पुरे आहे. त्यामुळे मूळ बोर्ड वाचत असेल तर तोच वाचवावा, असा माझा आग्रह आहे.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव मर्यादित आहे. सोल्डरिंग व्यवस्थित येते, मल्टिमीटर आहे आणि ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त केले आहेत. पिक्चर ट्यूबचे काम मात्र कधीही केलेले नाही. या पार्श्वभूमीवर माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत.

लहानपणी कृष्णधवल संचाच्या ट्यूबच्या मानेत चांदीसारखा चकचकीत डाग दिसत असे, आणि तो पांढरा पडला की ट्यूबमध्ये हवा शिरली असे समजत. या संचाच्या मानेत असा डागच नाही. ट्यूब गेली असे समजावे का? गेली असेल तर पुढच्या सगळ्या खटाटोपाला अर्थच उरत नाही, म्हणून हा प्रश्न प्रथम.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वीज देताना कोणता क्रम पाळावा? सिरीज बल्ब लावून (म्हणजे वीज आधी एका बल्बमधून नेऊन, शॉर्ट असल्यास प्रवाह मर्यादित राहावा म्हणून) सुरू करावे असे सगळीकडे सांगितले जाते, पण रंगीत संचाच्या बाबतीत ते जसेच्या तसे चालते का? फुगलेला कंडेन्सर आधीच बदलावा, की सगळेच कंडेन्सर सरसकट बदलावेत?

आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत अवघड वाटतो. दूरदर्शनचे मनोऱ्यांवरून होणारे ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद झाले आणि केबल तर त्याआधीच डिजिटल झाली. मग या संचाला दाखवायचे काय? माझ्याकडे फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स आणि एक जुना व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आहे. रेकॉर्डरच्या मागे अँटेनाकडे जाणारे सॉकेट आहे, त्यामुळे बॉक्स त्याला जोडून तिथून संचात सिग्नल नेता येईल का? की बोर्डावर थेट व्हिडिओचे सॉकेट काढून घेणे सोपे पडेल?

प्रतिसाद

तुम्ही प्लग लावला नाहीत, हे सर्वांत चांगले केलेत. अशा संचांपैकी बरेचसे ‘बघू तरी चालतो का’ म्हणताना मरतात.

ट्यूबची काळजी सध्या सोडा. कृष्णधवल ट्यूबमध्ये गेटर (उरलीसुरली हवा शोषणारा धातू) मानेत असतो, म्हणून डाग तिथे दिसतो. रंगीत ट्यूबमध्ये तो मानेतल्या इलेक्ट्रॉन गनपासून एका लवचिक पट्टीवर पुढे, फुगीर भागाच्या आत नेलेला असतो, त्यामुळे मानेत डाग न दिसणे हेच स्वाभाविक आहे. बेस सॉकेट हळूच, सरळ मागे ओढून काढा आणि हीटरच्या दोन पिनांमध्ये सातत्य आहे का ते मल्टिमीटरवर पाहा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे. मानेला बारीक तडा नाही ना, तेवढे विजेरीने पाहून घ्या.

ॲनोड कॅपला हात लावण्याची वेळ आली, तर आधी ट्यूब डिस्चार्ज करा. वीस वर्षे पडून असलेल्या ट्यूबमध्ये धोका नसेल, पण एकदा संच सुरू झाला की तिथे २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकतो. डिस्चार्जची वायर ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या तारेच्या वेणीला जोडायची, बोर्डाला नाही. नाहीतर एखादी आयसी बळी पडते.

आता क्रम. फुगलेला फिल्टर कंडेन्सर आधी बदला, कारण मेन्सचे २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की त्याच्यावर सव्वातीनशेच्या आसपास डीसी येते. नवा कंडेन्सर तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टेजचा आणि १०५ अंशांचा घ्या. जळकट रेझिस्टर पाय उचलून मोजा. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे, वर्टिकल आयसीचे आणि त्या तापणाऱ्या रेझिस्टरचे सर्व सांधे पुन्हा सोल्डर करा. या वयाच्या संचात निम्मे दोष ड्राय सोल्डरचे, म्हणजे तडकलेल्या सांध्यांचे असतात. बाकीचे कंडेन्सर आत्ता सरसकट बदलू नका. एका वेळी चाळीस बदलले आणि एक उलटा बसला, तर दोष जुना की तुमचा हे कळणार नाही.

सिरीज बल्ब जरूर लावा, पण त्याआधी डीगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवर बसलेले चुंबकत्व घालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) प्लग काढून ठेवा. सुरुवातीला ती एकटीच इतका प्रवाह ओढते की बल्ब भगभगीत पेटतो आणि तुम्हाला शॉर्ट आहे असे वाटते. त्यानंतर लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरचा कलेक्टर सोडवा, त्याला वीज देणाऱ्या मुख्य डीसी लाइनवर ६० वॅटचा बल्ब भार म्हणून लावा आणि मग वीज द्या. तिथे ११० ते ११५ व्होल्टच्या दरम्यान स्थिर दाब मिळाला, तर तुमची एसटीआर आयसी जिवंत आहे आणि तिचा नंबर शोधण्याची गरजच उरत नाही. दाब दीडशेच्या वर गेला, तर तिथेच थांबा, कारण तसाच ट्रान्झिस्टर जोडलात तर ट्रान्सफॉर्मर जाईल आणि तो आज मिळणे कठीण आहे. तुमच्या दोन्ही टीए आयसी मात्र इतक्या प्रमाणात वापरल्या गेल्या की त्या अजूनही सापडतात. तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.

व्हिडिओचे सॉकेट बोर्डावर काढण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. या काळातल्या बहुतेक संचांत बोर्डाची ग्राउंड मेन्सपासून वेगळी केलेली नसते. तुम्ही सॉकेट काढून बॉक्स जोडलात, तर बॉक्सच्या पत्र्यावर, आणि डिशपर्यंतच्या केबलवरही, वीज उतरू शकते. अँटेनाच्या सॉकेटात अलगीकरणाचे छोटे कंडेन्सर असतात, म्हणून सिग्नल तिथूनच आत न्यायचा. तेही कंडेन्सर शाबूत आहेत का ते पाहून घ्या. बोर्ड उघडा असताना मोजमाप करायचे तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला मेन्सपासून वेगळे करणारा) वापरा. याला पर्याय नाही.

रेकॉर्डरचा उपयोग होणार नाही. तो यूएचएफवर, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यात, सिग्नल देतो आणि तुमच्या स्विचवर ‘एल’ आणि ‘एच’ एवढेच आहे, म्हणजे ट्यूनर फक्त व्हीएचएफचा आहे. एखाद्या जुन्या केबलवाल्याकडे जा. केबल डिजिटल झाल्यावर त्यांचे ॲनालॉग मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज एखाद्या चॅनेलवर बसवून देणारी यंत्रे) अडगळीत पडले आहेत आणि ते भंगाराच्या भावात देतात. चॅनेल ५ ते १२ पैकी कोणताही आणा. फक्त त्याचा सिग्नल डझनावारी घरांसाठी असतो, तेव्हा मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावायला विसरू नका, नाहीतर चित्र फाटेल.

चायना किटबद्दल एवढेच म्हणतो की ते पाप नाही. ट्रान्सफॉर्मर खरोखर गेला आणि मिळालाच नाही, तर ट्यूब जिवंत ठेवण्याचा तो मार्ग आहे, मात्र तेव्हाही तुमच्या योकशी (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण पडद्यावर फिरवणाऱ्या कॉइलशी) ते जुळते का हे आधी पाहावे लागेल. एलईडी पॅनेल बसवायचे असेल, तर कपाटात पुस्तके ठेवलेली बरी.

मूळ प्रश्नकर्ता

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत काम थांबवले होते.

हीटर शाबूत निघाला. फिल्टर कंडेन्सर बदलला. जळकट रेझिस्टर मूल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट दाखवत होता, तोही बदलला. सांधे पुन्हा सोल्डर करताना ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढे कडे दिसले. भिंगाशिवाय ते दिसलेच नसते. भाराच्या बल्बवर ११२ व्होल्ट मिळाले आणि ते दहा मिनिटे हलले नाहीत.

मग ट्रान्झिस्टर जोडून संच सुरू केला. पडदा काळाच राहिला आणि मी बंद करणार होतो, तेवढ्यात माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली की आतून बारीक शिट्टी ऐकू येते आहे. मला काहीच ऐकू येत नव्हते. लाइनची वारंवारता १५,६२५ हर्ट्झ असते आणि माझ्या वयाच्या कानांना ती ऐकू येत नाही, हे नंतर लक्षात आले. मानेत नारिंगी प्रकाश होता, म्हणून स्क्रीनचा प्रीसेट किंचित फिरवला आणि पडदा उजळला.

केबलवाल्याकडून चॅनेल ७ चा मॉड्युलेटर आणि ॲटेन्युएटर आणला. चित्र आणि आवाज दोन्ही आले, पण चित्र कृष्णधवल आहे आणि उंचीला थोडे दबलेले आहे. रंगाचे बटण पूर्ण फिरवले तरी फरक नाही. रंगाचा ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गेला असेल का? बदलण्यापूर्वी विचारतो आहे.

प्रतिसाद

क्रिस्टलला हात लावू नका. ‘उंचीला दबलेले’ हे तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये व्हिडिओची पद्धत पाहा, तिथे एनटीएससी (अमेरिकेतली ६० हर्ट्झची पद्धत) निवडलेले असावे. तुमचा संच फक्त पाल (भारतातली ५० हर्ट्झची पद्धत) जाणतो. ६० हर्ट्झचे चित्र तो कसाबसा धरतो, पण त्यातला रंग त्याला उलगडत नाही. ‘ऑटो’ असेल तरी बदलून थेट पाल करा.

मूळ प्रश्नकर्ता

एनटीएससीच होते. पाल केल्याबरोबर चित्र पूर्ण उंचीचे झाले आणि रंग आले. मनापासून आभार.

आता वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवट डाग दिसतो. डीगॉसिंग कॉइल पुन्हा जोडून, दर वेळी अर्धा तास थंड होऊ देऊन, चार वेळा संच सुरू केला. डाग फिकट झाला, गेला नाही. मामांना दाखवला तर ते म्हणाले की हा पूर्वीपासूनच आहे, कारण टेपरेकॉर्डरचा मोठा स्पीकर अनेक वर्षे त्याच बाजूला टेकवून ठेवलेला असे. पुण्यात कोणाकडे हातात धरून फिरवायची डीगॉसिंग कॉइल असल्यास कृपया कळवावे. संच घेऊन मी स्वतः येईन.