अपक्षाला मत म्हणजे मत वाया? मला हे मान्य नाही

शिवारकर
परवा इथे एकाने लिहिलं, "अपक्ष निवडून आला तर विकला जातो, पडला तर मतं खातो. विधानसभेला अपक्षांवर बंदीच घाला." खाली सगळे माना डोलावतायत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

२०२४ च्या विधानसभेला मी एका अपक्षाचा सूचक होतो, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. आमच्यातले एक आजोबा अंगठेबहाद्दर. तो अंगठा अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो, म्हणून ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांना जीपमध्ये घालून तहसीलला नेलं आणि दुपारभर बाकावर बसवून ठेवलं. अर्ज टिकला. चिन्ह मिळालं ४ नोव्हेंबरला, माघारीची मुदत संपल्यावर. १८ ला संध्याकाळी प्रचार बंद. म्हणजे दोन आठवड्यांत शिट्टी घरोघरी पोचवायची. पक्षाच्या उमेदवारांना मतदारयादी फुकट, आम्ही पैसे भरून घेतली. त्यांच्या स्टार प्रचारकाच्या हेलिकॉप्टरचा खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरत नाहीत. आमच्या उमेदवाराच्या मेहुण्याची रिक्षा मात्र खर्चाच्या वहीत लिहावी लागली.

डिपॉझिट गेलं. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना पाण्याचं आवर्तन पोचत नाही, हा विषय दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या तोंडी आला तो त्याच्यामुळेच. त्याआधी पाच वर्षं कुणी ब्र काढला नव्हता. हे मत वाया गेलं म्हणता?

वऱ्हाडी काका
शिवारकर, तुमच्या उमेदवाराबद्दल आदर आहे, पण तो पडला म्हणून तुम्हाला गोड वाटतोय. निवडून आलेल्यांचं बघा. १९९५ ला ४५ अपक्ष आले आणि सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं. २०१९ ला १३ आले. त्यातले रामटेक, भंडारा, साक्री, मुक्ताईनगरचे आमदार २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेच्या तिकिटावर उभे होते, चंद्रपूर आणि उरणचे भाजपच्या. अपक्ष आमदार मध्येच पक्षात गेला तर दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आमदारकी जाते, म्हणून हे लोक 'पाठिंबा' देतात. मतदाराला विचारलं होतं का कुणी? विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात अपक्षांना लढूच देऊ नका असं म्हटलंय, ते उगाच नाही.

विहीरवाली
काका, तुम्ही मोजलेल्यांपैकी बहुतेक जण तिकीट कापलं म्हणून अपक्ष झालेले. ते बंडखोर. त्यांचं पाप पक्षांच्या माथी मारा. पक्षाच्या चिन्हावर आलेल्यांनी २०२२ ला काय केलं ते आख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यांच्यावर बंदी मागितली का कुणी? आणि २०२४ ला २०८६ अपक्ष उभे होते, आले फक्त दोन, जुन्नर आणि चंदगडचे. ते दोघेही राजकारणात मुरलेले. साध्या माणसाला लोक निवडून देतच नाहीत, मग भीती कशाची?

खाडीकाठ
भीती मतं खाण्याची! मी रायगडचा. २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९८४९ मतं मिळाली. ही लोकशाही?

वऱ्हाडी काका
बरोब्बर. आणि २०२४ ची लोकसभा आठवा. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि नुसत्या तुतारी चिन्हाच्या अपक्षाने ३७ हजार घेतली. दिंडोरीत भास्कर भगऱ्यांसमोर तर अपक्षाचं आडनावही भगरेच आणि चिन्हही तुतारी, लाखाच्या वर मतं!

विहीरवाली
दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले की! आणि २०१५ पासून मशीनवर फोटो असतो. तो बघून बटण दाबायला काय होतं? लोक डोळे मिटून मत देतात, त्याला अपक्ष काय करणार.

खाडीकाठ
ताई, मतदान केंद्रावर कधी पोलिंग एजंट म्हणून बसलायत का? तो फोटो बोटाच्या पेराएवढा. एका मशीनवर नोटा धरून सोळा नावं, उमेदवार वाढले की शेजारी दुसरं मशीन. माझ्या आईला मोतीबिंदू. ती चिन्ह शोधत उभी राहिली, मागून लोक "आजी, आटपा" म्हणून ओरडायला लागले, घाबरून तिने दिसेल ते दाबलं. बाहेर येऊन रडली. तिने डोळे मिटून मत दिलं म्हणता?

विहीरवाली
तुमच्या आईंना मी काही बोलले नाही. उगाच अंगावर येऊ नका.

मोडीवाचक
नामसाधर्म्याचे उमेदवार उभे कोण करतं? पैसा समोरच्या पक्षाचा, गाडी समोरच्या पक्षाची. मे २०२४ मध्ये याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टात आली, कोर्टाने ऐकायला नकार दिला. आईबापांनी ठेवलेल्या नावापायी कुणाला उभं राहण्यापासून अडवणार कसं? खाडीकाठ, तुमचा राग रास्त आहे, पण तो त्या दुसऱ्या तटकऱ्यांना पुढे करणाऱ्यांवर काढा.

खाडीकाठ
ते माहीत आहे. सिद्ध करून दाखवा मग. इतक्या वर्षांत कुणाला जमलं?

वऱ्हाडी काका
म्हणूनच म्हणतो, दारच बंद करा. १९९६ ला तमिळनाडूत मोडकुरिचीला १०३३ उमेदवार होते. त्यानंतरच तुमचे ते दहा सूचक आले.

शिवारकर
काका, मोडकुरिचीत बरेचसे शेतकरी होते, आपलं गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही म्हणून उभे राहिलेले. त्यावर इलाज काय केला, तर अनामत वाढवली आणि सूचक वाढवले. गाऱ्हाण्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. चिंचवडचंच घ्या. २०१९ ला राहुल कलाटेंनी अपक्ष म्हणून एक लाख बारा हजार मतं घेतली. इतक्या लोकांना ते हवे होते, त्यांनी कुठे जायचं? २०२३ च्या पोटनिवडणुकीत तेच ४४ हजारांवर आले तेव्हा सगळे म्हणाले, मतं खाल्ली. ती मतं कुणाच्या बापाची होती?

वऱ्हाडी काका
आणि २०२४ ला तेच कलाटे शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते, हे सांगायचं राहिलं तुमचं. ठीक आहे, बंदी नको. एवढं सोडतो. पण निवडून आल्यावर कुणाला पाठिंबा देणार, हे अपक्षाने अर्जासोबत प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं. मोडलं तर आमदारकी जावी.

शिवारकर
लिहून घ्या. आमचा उमेदवार पहिल्या दिवशी सही करेल. पण तोच कागद पक्षाच्या उमेदवारालाही लागू करा, निकालानंतर कुणाशी युती करणार ते त्यानेही लिहून द्यावं. आणि मतदारयादी आम्हालाही फुकट द्या.

वऱ्हाडी काका
यादीचं मान्य. युतीचं नाही.

विहीरवाली
का नाही, ते सांगा ना काका.