'गतकातरता' की 'स्मरणरंजन'?

विचारणा:
माझे मोठे काका गिरणीतली नोकरी संपल्यावर वेंगुर्ल्याला परतले, त्याला बरीच वर्षं झाली. पावसात संध्याकाळी वीज गेली की पडवीत बसून परळच्या खोलीच्या गोष्टी सांगतात. एका खोलीत दाटीने राहणारे गाववाले, सामाईक नळ, गणपतीला एसटीच्या तिकिटासाठी लावलेली रांग. आधी आवाज कातर होतो, मग हळूहळू चेहरा उजळतो आणि रात्री पेज चवीने जेवतात. 'नॉस्टॅल्जिया'ला आपण गतकातरता म्हणतो, पण मला तर काकांना त्यातून आधार मिळताना दिसतो. मग शब्द कोणता वापरावा?

उत्तर:
मूळ शब्दातच वेदना आहे. योहानेस होफरने १६८८ साली बाझेलच्या वैद्यकीय प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखातल्या स्विस माणसांची घरची ओढ त्याने आजार मानली. 'कातर' म्हणजे व्याकूळ. तेव्हा गतकातरता अगदी चपखल.

दुसरं उत्तर:
होफरच्या अर्थाला चपखल, काकांना नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ विल्डशट, सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं की एकटेपणात ही भावना जागी होते, आणि ती जागी झाली की आपल्याला आपली माणसं आहेत ही जाणीव बळावते, स्वतःबद्दलही बरं वाटतं. अशा आठवणींत सांगणारा सहसा एकटा नसतो. काकांच्या गोष्टीत खोलीभर गाववाले आहेतच की! मी 'स्मरणरंजन' म्हणेन. 'रंजन' म्हणजे नुसती करमणूक नव्हे. 'रंज्' धातूत रंगणंही आहे.

विचारणाऱ्याकडून:
पटलं, पण 'काका स्मरणरंजन करतात' हे वाक्य कानाला खटकतं, जणू ठरवून जोपासलेला छंद. काल त्यांनाच विचारलं. म्हणाले, "याद इली काय जीव कासावीस होता, मगे बोललंय काय बरा वाटता."

दुसरं उत्तर:
मग क्रियापदंच पाहा. आठवण 'येते' तेव्हा ती आपल्याला विचारत नाही. आठवण 'काढतो' तेव्हा समोर कुणीतरी ऐकणारं असतं. काकांचा आवाज कातरतो तो आठवण येते तेव्हा, आणि चेहरा उजळतो तो ती काढताना. मी तरी लिहिताना 'जुन्या आठवणी काढत बसले' असंच लिहीन. तुम्ही पडवीत त्यांच्याजवळ बसता ना?