विजेच्या टॉवरशेजारी राहता म्हणून बिलात सूट? कशाबद्दल?

निवृत्त वायरमन, ऐरोली
कालची ती पोस्ट वाचून जेवण गेलं नाही. म्हणे ब्रिटनमध्ये टॉवरपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्यांना वीजबिलात वर्षाला २५० पौंड सूट, १० वर्षं. मग ऐरोली-घणसोलीलाही द्या. अहो, २०२५ साली जाहीर झालेली ती योजना नव्या किंवा क्षमता वाढवलेल्या लाइनींसाठी आहे, लोकांनी काम अडवू नये म्हणून. तुमचा टॉवर तुमच्या सोसायटीच्या आधीपासून उभा. वास्तुशांतीला दिसला नव्हता? कळव्याच्या वीज उपकेंद्रापासून टॉवरमागून टॉवर ५०० मीटरची वर्तुळं काढत चला, सूट कुणाला नाही ते शोधावं लागेल. आणि पैसे शेवटी सगळ्यांच्या बिलातूनच जाणार.

खिडकीत टॉवर
दिसला होता, काका. बिल्डर म्हणाला, "समोर कधीच इमारत येणार नाही." खोटं नाही बोलला मेला! त्या 'ओपन व्ह्यू'चे दोन लाख जादा घेतले. पावसात तारा अशा घुमतात की सासूबाई विचारतात, मिक्सर चालू राहिला का? आणि २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या यादीत टाकलंय, ते?

निवृत्त वायरमन
२-ब गट म्हणतात त्या यादीला. त्याच गटात आशियाई लोणचीही आहेत. सासूबाईंची बरणी फेका आधी.

कैरीवाली, नौपाडा
लोणच्याला मध्ये आणू नका. तो अभ्यास चीन-जपानकडच्या खारवलेल्या भाज्यांचा. आपल्या कैरीला मोहरी, हिंग, वर बोटभर तेल असतं.

कोपरखैरणेकर
हल्ली तेल कुठे? सगळं व्हिनेगर.

कैरीवाली, नौपाडा
तुमच्याकडे असेल! माझी बरणी दोन वर्षं टिकते. व्हिनेगरवाल्यांनी लोणच्यावर बोलू नये.

कोपरखैरणेकर
दोन वर्षं टिकते कारण कुणी खात नाही.

खाडीकाठचा आगरी
दादूस, लोणचं झालं असेल तर ऐका. आधी टॉवर की आधी सोसायटी? आधी आमचं भातशेत. आजोबांच्या शेतात चार पाय रोवले, हाती काय आलं तर एका हंगामाच्या पिकाचे पैसे, तेही चपला झिजवून. १८८५ चा तार कायदा दाखवायचे: जमीन तुझीच, फक्त टॉवर आमचा. आता जून २०२४ च्या केंद्राच्या सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आजोबा गेले. आणि इथे 'व्ह्यू'साठी रडारड!

खिडकीत टॉवर
म्हणजे आम्ही माणसं नाही? हप्ता भरतो दादा, फुकट नाही राहत.

कोपरखैरणेकर
१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या लाइनी गेल्या नि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. वीज त्यांची, टॉवर आमच्या उशाशी. काका, तुमचं घर किती लांब आहे टॉवरपासून?

निवृत्त वायरमन
आगरी दादांचं म्हणणं मान्य. जमीन गेली त्याला द्या, आजच्या भावानं द्या. व्ह्यूवाल्यांना दमडी नको.

कोपरखैरणेकर
अंतर विचारलं मी.

निवृत्त वायरमन
चारशे मीटर. मागणार नाही. बिलात आपोआप वजा झालं तर भांडायलाही जाणार नाही.

कैरीवाली, नौपाडा
व्हिनेगरवाले कुठे गेले?