एका डॉप्लर रडारवरून वाऱ्याची खरी दिशा कळते का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील डार्विन परिसराच्या वादळी सरींवरील अभ्यास वाचताना एक शंका आली. डॉप्लर रडार (पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींतून वेग मोजणारे रडार) केवळ स्वतःकडे येणारा किंवा दूर जाणारा वेग मोजत असेल, तर ढगातील वाऱ्याचे पूर्ण चित्र कसे मिळते?

उत्तर १ : आपली शंका रास्त आहे. रडारच्या लहरींच्या झोताला काटकोनात वाहणारा वारा रडारला जवळजवळ स्थिर वाटतो. म्हणूनच डार्विनजवळ गन पॉइंट आणि बेरिमा येथील दोन रडारांनी एकच ढग दोन कोनांतून पाहून आडवा, म्हणजे जमिनीला समांतर, वारा काढण्यात आला. उभा, म्हणजे वर-खाली जाणारा, वारा मात्र थेट मिळत नाही. कोणत्या थरात हवा एकत्र येते आणि कोठे पांगते यावरून तो मोजावा लागतो, आणि या गणितात एका थरातील लहानशी चूक पुढच्या थरांत साचत जाते. माझ्या मते वाऱ्याच्या अशा नकाशांतील सर्वांत सावधपणे वाचावा असा भाग हाच आहे. शिवाय दोन्ही रडारांना जोडणाऱ्या रेषेजवळ ही पद्धत निरुपयोगी ठरते.

उत्तर २ : पाऊस सर्वदूर आणि संथ असेल, तर एकाच रडारच्या पूर्ण फेरीतील वेगांच्या चढउतारावरून त्या उंचीवरील सरासरी वारा काढता येतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. डार्विनच्या उत्तरेकडील तिवी बेटांवर दुपारी उभा राहणारा ‘हेक्टर’ ढगही असाच मोजता येईल का?

उत्तर १ : येईल, परंतु तो इतक्या झपाट्याने वाढतो की तळापासून माथ्यापर्यंतची पाहणी पूर्ण होण्याआधीच त्याचे रूप बदललेले असते.