२०२० मधली तुमची आवडती मालिका कोणती, आणि का?

पाऊलवाट
वर्ष संपत आलं. मार्चमध्ये कोरोनामुळे चित्रीकरणं थांबली, रोजच्या मालिकांचे जुनेच भाग पुन्हा लागू लागले आणि त्या काळात आपण सगळ्यांनी काय काय पाहिलं त्याला गणती नाही. मला याद्या नकोत. मनात राहिलेली एकच मालिका सांगा आणि ती का राहिली ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी तशी सूचना द्या.

माझी ‘पाताल लोक’. हाथीराम चौधरी हा दिल्लीत यमुनेपारच्या ठाण्यातला पोलीस इन्स्पेक्टर. नोकरीत मागे पडलेला, घरात मुलाच्या नजरेतून उतरलेला. जयदीप अहलावतने तो नुसत्या चालण्या-बसण्यातून उभा केलाय. एकदाची मोठी केस हातात येते आणि मग निलंबन झालं तरी तो ती सोडत नाही. त्याच्या हाताखालचा अन्सारी नोकरी सांभाळून यूपीएससीचा अभ्यास करतो, त्या दोघांमधला आदर मला फार आवडला. यंदा मला आवडलेल्या बहुतेक मालिकांत असं आपल्या कामाला चिकटून राहिलेलं कुणीतरी आहे. आपली कामं एकतर बंद पडली होती किंवा जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती, अशा वर्षात ते पाहताना आधार वाटला. तुमचं काय?

शिवारफेरी
अगदी हेच. मी विदर्भात ग्रामसेवक आहे, त्यामुळे माझी ‘पंचायत’. एप्रिलच्या सुरुवातीला ती आली तेव्हा आमच्याकडे बाहेरगावाहून परतणाऱ्यांच्या नोंदी, त्यांच्यासाठी शाळेच्या खोल्या, फवारणी असं सगळं चाललं होतं. रात्री जेवणं झाली की बायको आणि मी एकेक भाग बघायचो. फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, तिथे ग्रामसेवकाला सचिव म्हणतात, पण कुलूपबंद कार्यालयाची किल्ली शोधण्यापासून सगळं आमचंच. चाकांच्या खुर्चीचा भाग आठवा. सचिवाने स्वतःच्या पैशाने साधी खुर्ची आणली तर गावात केवढं मानापमान नाट्य! गावात खुर्ची म्हणजे काय असतं हे ज्याने लिहिलंय त्याने गाव पाहिलेलं आहे.

(पुढे शेवट फुटतोय.) मंजूदेवी गावची प्रधान, म्हणजे सरपंच आहे, पण कारभार नवरा बघतो. आपल्याकडे स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव झाल्या त्याला जवळपास दहा वर्षं होतील, तरी ‘सरपंचपती’ हा शब्द अजून रोज कानावर पडतो. नीना गुप्ताने रंगवलेली ही बाई शेवटच्या भागात २६ जानेवारीसाठी राष्ट्रगीत पाठ करायला बसते. अडखळते, चिडते, पुन्हा म्हणते. मी अशा बायांसोबत काम केलं आहे. पहिल्या मासिक सभेत पदर सावरत कोपऱ्यात बसलेली बाई वर्षभरात निधीचा हिशेब मागू लागते, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्यामुळे तो भाग बघताना डोळे भरून आले.

बाल्कनी
‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ कुणी पाहिली का? टाळेबंदीत कलाकारांनी आपापल्या घरातूनच चित्रित केलेली, सोनी मराठीवरची. तांत्रिक सफाई कमी होती, पण आमच्या सोसायटीचेच लोक बोलताहेत असं वाटायचं. असा प्रयत्न मराठीत झाला याचा मला अभिमान आहे.

कोयनाकाठ
माझी निःसंशय ‘स्कॅम १९९२’, शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची. आयुष्य बँकेत गेलं, १९९२ साली मी नोकरीत होतो. रेडी फॉरवर्ड व्यवहार आणि बँक रिसीट या गोष्टी सामान्य माणसाला कळतील अशा पडद्यावर येऊ शकतात, यावर माझा विश्वास नव्हता. एका बँकेने दुसऱ्या बँकेला ठरावीक मुदतीसाठी रोखे विकायचे आणि मुदत संपली की परत घ्यायचे. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी हातात यायची ती पावती. व्यवहार दलालामार्फत, पैसा त्याच्या खात्यातून फिरणार आणि मधल्या काळात शेअर बाजारात जाणार. पावतीच्या मागे रोखेच नसतील तर काय होतं, ते देशाने एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीनंतर पाहिलं.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. मुंबईत हा विषय शेअर बाजाराचा होता, आमच्या भागात तो ठेवीदारांचा होता. बँक अवसायनात गेली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळला गेला, तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मालिकेत नाही, ही माझी एकच तक्रार. प्रतीक गांधीचा हर्षद इतका देखणा आणि वेगवान आहे की तरुण पोरं त्याचे संवाद म्हणत फिरतात. श्रेया धन्वंतरीने केलेली पत्रकार त्यांनी जास्त मन लावून पाहावी. कागद मिळवणं, तो दोनदा तपासणं, मगच छापणं, हे खरं धाडस. अचिंत ठक्करचं शीर्षकसंगीत मात्र मीही गुणगुणतो.

तुळशीकट्टा
आमच्याकडे २८ मार्चपासून ‘रामायण’. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सासूबाईंना रामापेक्षा आपली माणसं बघायची असायची: कौसल्या जयश्री गडकर, दशरथ बाळ धुरी (खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको), मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. मुलांना बाणांचं हसू यायचं. भरत पादुका डोक्यावर घेतो तिथे मात्र तीही गप्प झाली.

खर्ज
‘बंदिश बँडिट्स’. गाणं शिकते म्हणून आधी धास्तीच होती, कारण पडद्यावरचा रियाज बहुतेक वेळा खोटा वाटतो. कथा मधे ढिली पडते आणि गुरूचा धाक नको तितका गौरवलाय, हे माझं ठाम मत. पण शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत आणि शंकर महादेवनचा ‘विरह’ यासाठी मी सगळं माफ करते. अतुल कुलकर्णीचा दिग्विजय आला की प्रत्येक प्रसंगाला वजन येतं. दुखावलेला गवई कसा ताठ बसतो ते त्याला नेमकं कळलंय.

ओसरी
इथे कुणी रोजच्या मालिकेचं नाव घेत नाहीये, म्हणून मी घेते. ‘आई कुठे काय करते’. ताणलेली आहे, मान्य. पण मधुराणी प्रभुलकरने केलेली गृहिणी अरुंधती बघताना आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिचं बी.ए. लग्नामुळे कसं अर्धं राहिलं ते मला पहिल्यांदा सांगितलं. आता तिच्यासाठी मुक्त विद्यापीठाची चौकशी चालू आहे.

काळा उंट
नाशिकमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणजे माझी ‘द क्वीन्स गॅम्बिट’ हे ओघानंच आलं. बेथ या बुद्धिबळपटू मुलीची गोष्ट. सात भाग, आणि पटावर एकही मूर्खासारखी खेळी नाही, कारण सल्लागार माजी जगज्जेता कास्पारोव्ह. आपल्याकडे त्याआधीच ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारताने रशियासोबत संयुक्त सुवर्ण मिळवलं होतं. कर्णधार आमच्या नाशिकचा विदित गुजराथी, संघात नागपूरची दिव्या देशमुख. त्यात ही मालिका आली आणि मुलींच्या पालकांचे फोन सुरू झाले.

खेळणाऱ्यांसाठी एक सांगतो (शेवट फुटतोय): बेथचा रशियन प्रतिस्पर्धी बोर्गोव्हविरुद्धचा निर्णायक डाव इव्हान्चुक आणि वुल्फ या खऱ्या ग्रँडमास्टरांच्या १९९३ च्या डावावर बेतलाय. मूळ डाव बरोबरीत सुटला, मालिकेत ३७व्या खेळीपासून वाट बदलते. वर्गातल्या मुलींना मी ३६व्या खेळीनंतरची स्थिती मांडून दिली आहे. निम्म्या जणी बेथसारखं खेळतात, बाकीच्या इव्हान्चुकची बाजू लावून धरतात, आणि वाद अजून मिटलेला नाही.