रोनाल्डोला बाहेर बसवणं मोरोक्कोविरुद्धही बरोबर होतं का?

लालबाग_लेफ्टबॅक
रविवार, ११ डिसेंबर २०२२, सकाळी ७.४०

काल रात्री मंडळाच्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. साडेआठला मॅच सुरू झाली तेव्हा प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं, संपली तेव्हा कोणी तोंड उघडेना. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, मोरोक्को १, पोर्तुगाल ०. रोनाल्डो रडत आत निघून गेला. साडेबाराची इंग्लंड-फ्रान्स बघायला मी थांबलोच नाही. घरी आलो, आडवा झालो, पण झोप येईना. म्हणून विचारतो.

आधीच सांगतो, ६ तारखेला स्वित्झर्लंडविरुद्ध रोनाल्डोला बाहेर बसवण्याचा पोर्तुगालचा कोच सांतोसचा निर्णय मला पटला होता. दक्षिण कोरियाविरुद्ध ६५व्या मिनिटाला बाहेर काढल्यावर रोनाल्डो ज्या तऱ्हेने मैदान सोडून आला, ते आवडलं नाही असं सांतोसने उघड सांगितलं होतं. पण मला पटलं ते त्यासाठी नाही, खेळासाठी. त्या सामन्यात रोनाल्डोच्या जागी रामोस पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला. समोरच्या डिफेंडरला बॉल मिळाला रे मिळाला की हा त्याच्या अंगावर. १७व्या मिनिटाला इतक्या अरुंद कोनातून त्याने वरच्या कोपऱ्यात मारला की रात्री एक वाजता, शेजारी झोपलेले असताना, मी तोंडावर उशी दाबून ओरडलो. तीन गोल. निकाल ६-१. राष्ट्रगीताच्या वेळी फोटोग्राफरांचा घोळका मात्र संघाकडे पाठ करून बेंचसमोर उभा होता, ते दृश्य मला अजून खुपतं.

आता माझा प्रश्न. तोच निर्णय काल पुन्हा घ्यायला हवा होता का?

स्वित्झर्लंड उघडं खेळलं, मागे मोकळी जागा होती, त्या जागेत धावणारा पोरगा हवा होता. मोरोक्को जागाच देत नाही. कालच्या आधी चार सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही कॅनडाविरुद्ध त्यांच्याच खेळाडूचा पाय लागून. स्पेनने त्यांच्यासमोर हजारावर पास खेळले आणि १२० मिनिटांत एक गोल करू शकले नाहीत. हे सगळं सांतोसच्या डोळ्यांसमोर झालेलं. अशा भिंतीसमोर बॉक्समध्ये उंच उडी मारणारा, दोन डिफेंडर स्वतःकडे ओढून घेणारा माणूस पहिल्या मिनिटापासून लागतो. मोरोक्कोचा गोलही कसा झाला बघा. लांबून क्रॉस, एन-नेसिरीची उडी, हेडर. जे आपण करायला हवं होतं ते त्यांनी केलं.

मला हे इतकं का लागलंय तेही सांगतो. दर शनिवार-रविवारी मी परळला १६ वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. आमचा कॅप्टन आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर आहे. गेले दोन महिने बॉल गेला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. ७ तारखेला संध्याकाळी मुलांनी त्याच्यादेखत विचारलं, "सर, तुम्हीपण बसवणार का?" मी उत्तर दिलं नाही. येत्या रविवारी, १८ तारखेला आमचा सामना आहे.

---

परळचा_गोली
११ डिसेंबर, सकाळी ९.०५

दादा, रामोसने ६७ मिनिटांत तीन गोल केले. २१ वर्षांचा मुलगा, वर्ल्ड कपची बाद फेरी. त्याला पुढच्याच सामन्यात कोणत्या तोंडाने सांगणार की आज तू बस? मग ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येक पोराला कळतं की इथे गोल करून उपयोग नाही, नाव मोठं लागतं.

आणि रोनाल्डोला काल वेळ मिळालाच की. ५१व्या मिनिटाला आला, वर जादा ८ मिनिटं. शेवटी शेवटी एकदा समोर गोल दिसला, मोरोक्कोचा गोली बुनूने अडवला. वर्ल्ड कपच्या बाद फेरीत त्याच्या नावावर एकही गोल नाही. पाच वर्ल्ड कप झाले.

गोलबद्दल म्हणाल तर मी गोली आहे, मला ते बघवलं नाही. पोर्तुगालचा गोली कोस्टा बाहेर आला आणि बॉल त्याच्या हातात येण्याआधीच एन-नेसिरीचं डोकं तिथे होतं. गोली एकदा लाइन सोडून निघाला की त्याने बॉल गाठायचाच, मधल्यामध्ये अडकलास की संपलास. पुढे रोनाल्डो असता तरी तो गोल झालाच असता.

---

लालबाग_लेफ्टबॅक
११ डिसेंबर, सकाळी ९.३०

गोलबद्दल मान्य. पण मी रामोसला बसवा म्हणतच नाहीये. दोघं एकत्र का नाहीत? स्वित्झर्लंडविरुद्ध खेळवलेल्या संघात काल एकच बदल होता, विल्यम कार्व्हालोच्या जागी नेव्हेस. ५१व्या मिनिटाला त्याच नेव्हेसला काढून रोनाल्डोला आणलं. म्हणजे दोघं एकत्र खेळू शकतात हे सांतोसला ठाऊक होतं, फक्त एक गोल खाल्ल्यावर आठवलं. आणि ६९व्या मिनिटाला रामोसलाच बाहेर घेतलं. दोघांना सोबत मिळाली १८ मिनिटं.

---

शिवाजीपार्क_कट्टा
११ डिसेंबर, दुपारी १.१५

मी क्रिकेटवाला, फुटबॉल चार वर्षांनी बघतो. पण हा वाद आमच्या कट्ट्यावर १८ वर्षं चालू आहे. मार्च २००४, मुलतान. सचिन १९४ वर आणि द्रविडने डाव घोषित केला. त्या दिवशी माझे वडील जेवले नव्हते. कसोटी आपण एक डाव राखून जिंकलो, तरी आजही कट्ट्यावर "१९४" म्हटलं की दोन तट पडतात.

माझं मत तेव्हाही हेच होतं. कॅप्टनने संघाचं बघायचं. पण त्या माणसाला आधी नीट कळलं पाहिजे की किती ओव्हर आहेत. सचिनला वाईट वाटलं ते सहा धावांचं कमी आणि अचानक बोलावल्याचं जास्त, असं मला कायम वाटत आलंय.

---

वसईची_विंगर
११ डिसेंबर, रात्री १०.५०

कट्टावाल्या दादांनी नेमकी जागा पकडली, म्हणून लिहिते.

मी कॉलेजकडून तीन वर्षं खेळले, उजव्या बाजूने. वसईहून पहाटेची चर्चगेट लोकल, गळ्यात बुटांची पिशवी, मैदानात साडेसहाला हजर. तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर अकरा नावांचा कागद चिकटवलेला, तो मी बाकीच्या मुलींबरोबर वाचला. माझं नाव नव्हतं. मला वाटलं बारावं-तेरावं असेल, म्हणून कागदाची मागची बाजूसुद्धा बघितली. कोचनी मॅच संपल्यावर सांगितलं, "तू दमल्यासारखी वाटलीस." दमले होतेच. घरी आई आजारी होती. त्यांनी आदल्या दिवशी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं की पहिला हाफ दुसरीला द्या.

बेंचवर बसण्याबद्दल, जे कधी बसले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अंगावर बिब, म्हणजे राखीव खेळाडूंचं रंगीत जाकीट, चढवलं की तुम्ही दिसेनासे होता. अंग थंड पडतं. मग कोच मागे न वळता हाताने खूण करतो, "गरम हो." तुम्ही लाइनच्या कडेने धावता, पंधरा मिनिटं धावता, आणि तो विसरून जातो. परत येऊन बसता. दुसऱ्यांदा खूण झाली की पाय दगडाचे झालेले असतात, पण आता आत जायचं असतं. आणि आत गेल्यावर सगळ्यांना तुमच्याकडून चमत्कार हवा असतो, कारण तुम्ही ताज्या दमाच्या.

आता रोनाल्डोचं. सांतोसने परवाच पत्रकारांना सांगितलं की स्वित्झर्लंडच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर त्याला बोलावून समजावलं, आणि तो खूश नव्हता. खूश कसा असेल? तो सामना त्याचा देशासाठी १९५वा. माझ्या कोचपेक्षा सांतोस नक्कीच चांगला, निदान तोंडावर बोलला. पण सामना रात्रीचा आणि बातमी दुपारी. १९५ सामन्यांच्या माणसाला एक रात्र द्यायला हवी होती. रात्री माणूस चिडतो, रडतो, कोणाशी तरी बोलतो, आणि सकाळी थोडा सावरलेला असतो. ती रात्र त्याला मिळाली नाही, असं मला वाटतं.

लालबाग दादा, तुमच्या त्या मुलाला रविवारी सकाळी मैदानावर सांगू नका. बाकी काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण एवढं माझं ऐका. तो कमरेवर हात ठेवून का उभा राहतो, हेही विचारा.

---

रोव्हर्सचा_प्रेक्षक
१२ डिसेंबर, सकाळी ६.२०

वसईची ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठा. कूपरेजवर रोव्हर्स कप बघत वाढलो. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, महिंद्र आणि कलकत्त्याचे मोठे संघ. ऑफिस सुटलं की चर्चगेटला उतरून चालत जायचं, शेंगदाण्याची पुडी घ्यायची. तेव्हा आम्ही प्रेक्षक राखीव खेळाडूंकडे बघायचोही नाही. बेंच म्हणजे जायबंदी झालेल्याची सोय.

वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू चालू झाले तेच १९७०ला, आणि तेही दोन. आता २६ जणांचा संघ आणि पाच बदल. म्हणजे गोली सोडला तर दहातले निम्मे बदलता येतात. शेवटचा अर्धा तास वेगळाच संघ खेळतो. त्यामुळे सुरुवातीला कोण, यापेक्षा शेवटी कोण, हा प्रश्न मला मोठा वाटतो. पण ते त्या खेळाडूला आधी माहीत हवं. "तुला काढलं" आणि "तुझी वेळ साठाव्या मिनिटाला" यात फार अंतर आहे.

याच सांतोसची एक गोष्ट मी विसरत नाही. २०१६ची युरो फायनल, समोर फ्रान्स, त्यांच्याच घरी. २५व्या मिनिटाला रोनाल्डो गुडघ्याच्या दुखापतीने रडत बाहेर. आमच्या घरात सगळे म्हणाले, संपलं. सांतोसने ७९व्या मिनिटाला एडरला उतरवलं, ज्याचं नाव आमच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं. १०९व्या मिनिटाला त्याने लांबून मारला, आणि पोर्तुगालला पहिला मोठा कप मिळाला. रोनाल्डो तेव्हा पायाला पट्टी बांधून लाइनवर उभा राहून ओरडत होता, कोचच्या शेजारी, जवळजवळ कोचच झालेला. रोनाल्डो मैदानात नसताना संघ उभा राहतो, हे सांतोसने स्वतः जगलेलं आहे. म्हणून त्याची हिंमत झाली असावी. पण त्या रात्री रोनाल्डो बाहेर असूनही सामन्यात होता. लुसैलला, स्वित्झर्लंडविरुद्ध, तो बाहेर होता तेव्हा एकटाच होता. सामना संपल्यावर बाकीचे प्रेक्षकांसमोर आनंद साजरा करत होते आणि हा आधीच आत चालला होता.

तेव्हा लालबाग, माझं उत्तर अर्धं तुमच्या बाजूचं. बसवायला हरकत नव्हती. परवा मोरोक्कोविरुद्ध मात्र रामोसच्या मागे कोण, कधी, कशासाठी, याची आखणी दिसली नाही. गोल खाल्ला आणि हात रोनाल्डोकडे गेला.

---

परळचा_गोली
१२ डिसेंबर, सकाळी ११.४०

काका, एडरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. पण आखणीचं म्हणता ते खरं. रामोसला बाहेर काढलं तेव्हा मीसुद्धा टीव्हीवर ओरडलो होतो. त्याला ठेवायला हवं होतं, रोनाल्डोबरोबर.

---

लालबाग_लेफ्टबॅक
शुक्रवार, १६ डिसेंबर, रात्री ११.१०

सांतोस कोचपदावरून गेला. पोर्तुगालच्या फेडरेशनने काल जाहीर केलं. आठ वर्षं होता, दोन कप दिले, आणि आता लोक त्याला एवढ्यासाठीच लक्षात ठेवणार की त्याने कोणाला बसवलं. मला ते योग्य वाटत नाही. माझं त्याच्याशी भांडण एका रात्रीपुरतं होतं.

वसईच्या ताईंचं ऐकलं. मुलाला काल संध्याकाळी बोलावलं, रविवारपर्यंत थांबलो नाही. मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. आधी विचारलं, बॉल गेल्यावर का थांबतोस. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की दिवाळीपासून मांडीच्या मागे ओढ लागते, वेगाने मागे वळलो की जास्त. सांगितलं तर कॅप्टनपद जाईल असं वाटलं. दोन महिने मी त्याला आळशी समजत होतो आणि बाकीच्या मुलांसमोर तसं बोललोही होतो. ते शब्द मी त्याच्यासमोर परत घेतले. आज त्याला फिजिओकडे नेऊन आणलं. फाटलेलं काही नाही, स्नायू आखडलाय. पूर्ण सामना नको, अर्धा चालेल, पण आधी नीट गरम व्हायचं, असं सांगितलंय.

तेव्हा रविवारी तो सुरुवातीला बसणार. हे त्याला आज सांगितलं, आणि उद्या सरावाला मुलांना तो स्वतः सांगणार आहे, तसं त्यानेच मागितलं. त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, किती मिनिटं?" मी म्हटलं, दुसरा हाफ अख्खा तुझा, आम्ही दोन गोलने पुढे असू नाहीतर मागे. आणि आत्ता पुढे जो खेळतोय त्याला काढणार नाही, दोघं एकत्र खेळाल. दंडावरची पट्टी पहिला हाफ आमच्या गोलीकडे, मग याच्याकडे.

गरम व्हायला त्याला हाफ टाइमच्या बारा मिनिटं आधी उठवायचंय. ते मी विसरू नये म्हणून घड्याळ आमच्या मॅनेजरकडे देतोय.

सामना रविवारी सकाळी ८ वाजता, परळच्या झेवियर्स मैदानावर. अर्जेंटिना-फ्रान्स रात्री साडेआठला आहे, त्यामुळे दिवस मोकळाच आहे. गोली, तू तर शेजारीच राहतोस. काका, तुम्ही आलात तर मुलांना रोव्हर्सच्या गोष्टी ऐकायला आवडतील.